मदत हवी आहे: वापरलेलं महागडं घड्याळ विकायला काढलं आणि आतलं सगळं बाहेर आलं

मंडळी, सल्ला हवाय. चार महिन्यांपूर्वी एका विक्रेत्याकडून जुनं स्विस ऑटोमॅटिक घेतलं. 'नुकतीच सर्व्हिसिंग झालीये' असं तो म्हणाला होता. कागद मी मागितला नाही, हा माझा गाढवपणा.

आता विकायच्या आधी कारागिराला दाखवलं. टाइमग्राफरवर (घड्याळाची चाल मोजायचं यंत्र) वेग ठीक होता, दिवसाला 6 सेकंद पुढे. पण पूर्ण चावी देऊनही अँप्लिट्यूड (आतलं बॅलन्स चाक किती झुलतं ते) 190 अंश! चांगल्या यंत्रात ती साधारण 270 ते 310 असते. झाकण उघडलं तर तेल सुकलेलं, गॅस्केट (पाणी-धूळ अडवणारी रबरी कडी) चिरलेलं.

खरी गोम डायलमध्ये आहे. खाली 'टी स्विस मेड टी' लिहिलंय, म्हणजे आकड्यांवर ट्रिटियम (अंधारात आकडे उजळवणारा किरणोत्सर्गी पदार्थ). त्याचं अर्धायुष्य सुमारे 12.3 वर्षं, त्यामुळे तीसेक वर्षांनी ते जेमतेम दिसायला हवं. माझं मात्र टॉर्च दाखवली की झगझगतं! कोणीतरी नवा लेप भरलाय, आणि मी खुळा 'काय मस्त चमकतंय' म्हणून खूश होतो.

विकताना हे सगळं सांगणारच आहे. (बायको म्हणते, तुम्हाला कोणी सांगितलं होतं?) पण आधी सर्व्हिसिंग करून घेऊ की आहे तसंच कमी किमतीत देऊ? खर्च वसूल होतो का? आणि मूळ विक्रेत्याकडे पैसे परत मागायचे तर कारागिराचा लेखी अहवाल आणि जुने मेसेज पुरतील का? त्यात 'सगळं ओरिजिनल' असं त्याने स्वतः लिहिलेलं आहे. कोणी असं भांडण निस्तरलं असेल तर कृपया सांगा.