शब्दचर्चा : 'अस्मिता' आणि 'कुणापैकी?'

प्रश्न (परभणी) : भाचीला निबंधात 'अस्मिता' हा शब्द आलाय. अर्थ शोधायला गेलो तर एकीकडं 'मीपणा, अहंभाव' आणि दुसरीकडं 'स्वत्वाची जाणीव'. पेपरात तर रोज 'समाजाची अस्मिता', 'मराठवाड्याची अस्मिता'. एकट्याचा मीपणा वाईट आणि सगळ्यांचा मिळून चांगला, असं कसं? जाणकारांनी सांगावं.

उत्तर (लातूर) : शब्द 'अस्मि', म्हणजे 'मी आहे', यावरून आला. पतंजलीच्या योगसूत्रांत पाच क्लेश सांगितलेत : अविद्या, अस्मिता, राग, द्वेष, अभिनिवेश. म्हणजे मुळात ही दोषांतलीच जागा, आणि तिथून द्वेष दोनच पावलांवर. मराठीत पुढं तो स्वाभिमानाच्या अर्थानं रुळला, तोही अर्थ आता खराच. पण या शब्दाबरोबर कोणती क्रियापदं येतात ते बघा. अस्मिता दुखावते, डिवचली जाते, पेटते. अस्मितेनं गावाची विहीर उपसली, असं वाक्य कानावर येत नाही.

उत्तर (नांदेड) : दादा, क्रियापदांचं अगदी बरोबर. आमच्या जिल्ह्यानं 'पेटते' हे शब्दशः बघितलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

२७ जुलै १९७८ ला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला. विरोधाची भाषा होती 'मराठवाड्याची अस्मिता'. लगेच खेड्यापाड्यांतल्या दलित वस्त्या जाळल्या गेल्या, माणसं गाव सोडून पळाली. टेंभुर्णीत पोचीराम कांबळे यांना ठार मारलं. आता अर्थाच्या अंगानं विचार करा. ज्यांची घरं जळाली ती माणसं कुठली होती? मराठवाड्याचीच. इथलीच बोली, इथलाच दुष्काळ, इथलीच ज्वारीची भाकर. आणि ज्यांच्या नावाला विरोध, त्या बाबासाहेबांच्या संस्थेनं औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय सुरू केलं १९५० साली. विद्यापीठ आलं १९५८ ला. मराठवाड्याच्या शिक्षणात त्यांचं नाव विद्यापीठाच्या आधीपासून आहे. तरी 'मराठवाडा' या शब्दातून त्यांना आणि त्यांच्या माणसांना वगळता आलं. प्रदेशाचं नाव घ्यायचं आणि मनात फक्त आपली जात धरायची, हा अर्थसंकोच आहे, आणि त्याची किंमत माणसांनी जिवानं मोजली. मला याचा आजही संताप येतो.

उत्तर (धाराशिव) : अशीच गत 'रझाकार'ची. मूळ अर्थ स्वयंसेवक. निजामाच्या हैदराबाद संस्थानातल्या रझाकारांचा पुढारी कासीम रझवी तुमच्या लातूरला वकिली करायचा. त्याच्या संघटनेनं गावंच्या गावं लुटली, तेव्हापासून आपल्याकडं रझाकारी म्हणजे जुलूम. पण ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत 'इमरोज'चे संपादक शोएबुल्ला खान यांचा खून झाला, तो संस्थानानं भारतात विलीन व्हावं असं लिहिल्याबद्दल. 'आपल्यातला' असून 'आपलं' बोलत नाही, त्याला आधी गाठलं. सप्टेंबरात पोलीस अ‍ॅक्शन, म्हणजे भारतीय सैन्याची कारवाई झाली आणि मग तोच शब्द ज्यांचा रझाकारांशी काडीचा संबंध नव्हता अशा मुसलमान शेजाऱ्यांना चिकटवला गेला. त्या हिंसाचाराची पाहणी करायला भारत सरकारनं पाठवलेल्या सुंदरलाल समितीचा अंदाज २७ ते ४० हजार मृत्यूंचा आहे; सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत तेव्हाचा उस्मानाबाद आणि नांदेड दोन्ही. मुक्तिसंग्रामाचा अभिमान मलाही आहे, माझ्या घरात तो आहे. पण हे पान वगळून १७ सप्टेंबरचं भाषण करू नये, असं मला वाटतं.

उत्तर (जालना) : जड शब्द राहू द्या, रोजच्यातला एक घ्या. एसटी स्टँडसमोरच्या हॉटेलात अनोळखी माणूस बाकड्यावर टेकला की शेजारचा विचारतो, "पाव्हणं, कुठलं गाव?" "जिंतूरकडचं." "आडनाव?" "जाधव." इथवर सगळं आपुलकीचं. पण जाधव मराठ्यांत आहेत, बौद्धांत आहेत, बंजाऱ्यांतही आहेत. आडनावावरून पत्ता लागत नाही, म्हणून आवाज थोडा खाली जातो आणि तिसरा प्रश्न येतो : "कुणापैकी?"

या 'पैकी'कडं बघा. शंभरपैकी ऐंशी म्हणताना आधी शंभर धरावे लागतात. अख्ख्यातून काही निवडलं की 'पैकी'. या प्रश्नात मात्र अख्खं कुठंच नाही. तरी विचारणारा मनानं वाईट असतो असं मी म्हणणार नाही, सोयरीक जुळवायची आपली जुनी सवय आहे ती. मला भीती वाटते ती त्याच प्रश्नावर चहा कोणाच्या टपरीवर प्यायचा, किराणा कोणाकडून भरायचा, पोराला कोणाच्या शिकवणीला धाडायचं हे ठरायला लागलं की. गेल्या दोन-तीन वर्षांत आपल्या जिल्ह्यांत हे किती वाढलंय, ते इथल्या सगळ्यांना ठाऊक आहे. एकमेकांच्या दुकानात जाणं थांबलं की अफवा खोटी आहे हे सांगायला मधे माणूसच उरत नाही.

प्रश्नकर्ता (परभणी) : सगळ्यांचे आभार. भाचीला दोन्ही अर्थ लिहायला सांगतो, नांदेडच्या ताईंचं उदाहरणही. एक शंका राहिली : नामांतर म्हणायचं की नामविस्तार?

उत्तर (नांदेड) : मागणी आणि चळवळ नामांतराची. १४ जानेवारी १९९४ ला प्रत्यक्षात झाला तो नामविस्तार, कारण 'मराठवाडा' शब्द ठेवून त्याआधी बाबासाहेबांचं नाव जोडलं. दोन्ही शब्द आपापल्या जागी बरोबर आहेत.