मुळा-मुठेच्या पाण्यातली औषधं मोजायचीत, एचपीएलसी-यूव्हीवर भागेल का?

नदीकाठी: एमएस्सीचं प्रोजेक्ट आहे. कार्बामाझेपिन, डायक्लोफिनॅक, सिप्रोफ्लॉक्सासिन आणि मेटफॉर्मिन मोजायचंय. डिपार्टमेंटला एचपीएलसी-यूव्हीच (घटक वेगळे करून यूव्ही प्रकाशाने मोजणारं मशीन) आहे, एलसी-एमएस/एमएस (वस्तुमानावरून रेणू ओळखणारं, जास्त संवेदनशील मशीन) बाहेरून करायचं तर खिसा रिकामा होणार. गाईड म्हणतात आधी यूव्हीवर बघ. कोणी केलंय का?

कार्ट्रिजवाला: हिशोब मांडा ना. समजा नदीत १०० नॅनोग्रॅम प्रति लिटर आहे, ५०० मिली पाणी एचएलबी कार्ट्रिजमधून (पाण्यातली औषधं पकडून ठेवणारी नळी) काढून १ मिलीत आणलं तर झालं ५० पीपीबी (मायक्रोग्रॅम प्रति लिटर), तेही रिकव्हरी (मूळ औषधातलं किती हाती आलं ते) शंभर टक्के धरून. स्टँडर्डचा पीक यूव्हीवर दिसेलही कदाचित, पण नदीच्या पाण्यातलं ह्युमिक (कुजलेल्या पालापाचोळ्यातून आलेले पदार्थ) पण पाचशे पट होऊन येतं आणि बेसलाइनचा असा डोंगर होतो की तुमचा पीक कुठला तेच कळत नाही. यूव्हीवर एक्सट्रॅक्शन बसवा, खरे सॅम्पल एमएस/एमएसलाच द्या. आणि मेटफॉर्मिन सोडा, ते इतकं पोलर (पाण्यातच रमणारं) आहे की साध्या सी१८ कॉलमवर थांबतच नाही, त्याला हिलिक कॉलम लागतो. ईपीएच्या (अमेरिकेची पर्यावरण संस्था) १६९४ मेथडमध्येसुद्धा त्याचं एक्सट्रॅक्शन वेगळं, पीएच १० ला आहे.

ताई_लॅबवाली: +१. लेबल्ड स्टँडर्ड (तेच औषध, पण जड अणू घातलेलं, कार्बामाझेपिन-डी१० वगैरे) कार्ट्रिजच्या आधी, पाण्यातच टाका. शेवटी टाकलंत तर एक्सट्रॅक्शनमध्ये किती गेलं ते कळायचं नाही. महाग आहेत, पण सांडपाण्याच्या मॅट्रिक्समध्ये (म्हणजे बाकीच्या पदार्थांमुळे) एमएसचा सिग्नल दबतो त्याला दुसरा चांगला इलाज नाही. सिप्रो धातूंना धरून बसतं म्हणून ईडीटीए (धातूंना बांधून ठेवणारं रसायन) घाला. पीएच २ करा असं सगळे सांगतात पण त्याने ह्युमिकही जास्त येतं, माझं मत, नदीचंच पाणी स्पाइक करून (म्हणजे त्यात मोजून औषध टाकून) २ आणि ७ दोन्हीला रिकव्हरी बघा मग ठरवा. बाटल्या अंबर काचेच्या, बर्फात, आणि फील्ड ब्लँक (नदीवर नेऊन आणलेली शुद्ध पाण्याची बाटली) विसरू नका.

नदीकाठी: धन्यवाद ताई, दादा! मेटफॉर्मिन उडवलं 😅 त्याच बाटलीतून पीफास (सहज न विघटणारी फ्लोरीनची रसायनं) पण करता येईल का?

कार्ट्रिजवाला: नको. पीफास काचेला चिकटतात, त्याला एचडीपीई बाटली. टेफ्लॉनचं झाकण, टेप काही नको. कार्ट्रिजही वेगळी, वीक अॅनायन एक्सचेंजची. ईपीए १६३३ वाचा, जानेवारी २०२४ ला फायनल झालीय. शिवाय मशीनच्या नळ्यांमधूनच पीफास येतात, त्यामुळे लॅबला पैसे देण्याआधी विचारा, डिले कॉलम (मशीनचे पीफास उशिरा बाहेर काढून सॅम्पलच्यापासून वेगळे ठेवणारा) लावलाय का.