नव्वदचं रॉक: बँड, अल्बम, कॉन्सर्ट... आणि नेमकं काय भारी होतं

टेपवाला:
काल एका दुकानात निर्वाणाच्या 'कम ॲज यू आर'ची सुरुवात कानावर पडली आणि सगळं नव्वदचं दशक वर उसळून आलं. १९९१ चा तो दीड महिना आठवा! १२ ऑगस्टला मेटॅलिकाचा काळा अल्बम, २७ ऑगस्टला पर्ल जॅमचा 'टेन', २४ सप्टेंबरला निर्वाणाचा 'नेव्हरमाइंड'. आणि त्याच २४ तारखेला रेड हॉट चिली पेपर्सचाही अल्बम. तुमचे आवडते लिहा. फक्त 'जबरी' म्हणून थांबू नका, काय जबरी तेही सांगा.

खर्ज:
'कम ॲज यू आर' स्टँडर्ड ट्यूनिंगमध्ये वाजवणाऱ्यांनो, गिटारच्या सगळ्या तारा एक पूर्ण सूर (दोन फ्रेट) खाली घ्या. जाड तारेपासून डी-जी-सी-एफ-ए-डी. मग कोरस पेडल (आवाज दाट, डुलता करणारं) लावा, रेकॉर्डवर स्मॉल क्लोन नावाचं आहे. नऊच्या सेटवर (सर्वात बारीक तार ०.००९ इंच) तारा ढिल्या पडून फ्रेटवर खडखडतात, किमान दहाचा सेट घ्या. आणि सूर वरून खाली आणून सोडू नका. थोडा जास्त उतरवा आणि चढवत आणा, नाहीतर नटमध्ये (मानेच्या टोकाची खाचांची पट्टी) अडकलेली ढील दोन मिनिटांत बाहेर येते आणि तार उतरते.

मीठभाकर:
साउंडगार्डन!!! त्यांचा अल्बम 'सुपरअननोन', १९९४. बाकी रात्री लिहिते, कुकर लावलाय.

खर्ज:
@मीठभाकर ताई, त्यांचं ड्रॉप डी सोपं, फक्त जाड तार ई वरून डी. पण त्यांच्याच 'रस्टी केज'ला तीच तार थेट बी पर्यंत जाते. ४६ ची (०.०४६ इंच जाडीची) तार तिथे लोंबते, जोरात छेडली की आधी सूर चढा लागतो मग खाली येतो. ५४ च्या आसपासची लावा. फ्लॉइड रोज (स्प्रिंगांवर तरंगणारा ब्रिज) असेल तर एकच तार उतरवायच्या फंदात पडू नका. ताण कमी झाला की मागच्या स्प्रिंगा ब्रिज ओढतात आणि उरलेल्या पाचही तारा चढतात.

सम_सापडली:
साउंडगार्डनच्याच 'स्पूनमन'चा मुख्य रिफ (परत परत येणारा गिटारचा तुकडा) सात मात्रांचा आहे. रूपक मोजणाऱ्याला घरचा वाटेल, पण ३-२-२ शोधत बसू नका, सम धरून सलग सात मोजा. गाण्याच्या कोरसला (ध्रुपदाला) चार होतात, तिथेच बहुतेक ड्रमर घसरतात. त्यांचंच 'फेल ऑन ब्लॅक डेज' सहाचं आहे, ऐकताना कळतही नाही इतकं सहज.

धोबीतलाव:
कॉन्सर्ट म्हणजे मुंबईचं खुलं नाट्यगृह रंगभवन. विषय संपला. १९८६ पासूनचा आय-रॉक हा रॉक महोत्सव, वर उघडं आकाश. शांतता क्षेत्राच्या नियमाने तिथले कार्यक्रम थांबले, त्याची हळहळ अजून जात नाही. रॉक मशीन या बँडचं १९९३ मध्ये इंडस क्रीड झालं. उदय बेनेगलचा आवाज, महेश तिनईकरची गिटार. आपल्या मुंबईत स्वतःची गाणी रचून वाजवणारा बँड होता, ही गोष्ट मोठी होती.

पावसाळी:
जुन्या कॅसेटवर पांढरी बुरशी आहे, लावू का?

टेपवाला:
@पावसाळी अजिबात नको! बुरशी प्लेअरच्या हेडवर (टेप वाचणाऱ्या भागावर) बसते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. शेलला (कॅसेटच्या प्लास्टिक खोक्याला) पाच स्क्रू असतील तर उघडा, चिकटवलेलं असेल तर कडेने कापून टेप स्क्रूवाल्या रिकाम्या शेलमध्ये घाला. तोंडाला मास्क. मऊ, धागे न सुटणारं कोरडं कापड टेपला हलकेच लावून हाताने सावकाश गुंडाळा, दोन्ही बाजूंनी. आयसोप्रोपिल अल्कोहोल हेड आणि टेप ओढणाऱ्या धातूच्या कॅपस्टनला, रबराच्या रोलरला अगदी जपून, रबर कडक होतं. सी-९० ची टेप सी-६० पेक्षा पातळ, ती आधी ताणली जाते, ओढू नका.
आवाज मंद येतोय किंवा एक बाजू जाते-येते? टेपमागची छोटी नमद्याची गादी गळलेली असते. भंगार कॅसेटची काढून बसवा.

पावसाळी:
देव भलं करो दादा 🙏 गादी खरंच नाहीये त्यात.

विटकरी:
ती कॅसेट टाकू नका. १९९१ ची 'नेव्हरमाइंड' आणि २०११ ची नवी आवृत्ती आवाज सारखा करून लागोपाठ ऐका. नव्यात सगळंच मोठं केलंय, म्हणून ड्रमचा ठोका उठून येत नाही. १९९९ चं रेड हॉट चिली पेपर्सचं 'कॅलिफोर्निकेशन' ऑडॅसिटीत (आवाजाचा आलेख दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडलंत तर चढउतारांऐवजी विटेसारखा ठोकळा दिसतो, शेंडे कापलेले. आवाज कमी केला तरी ती खरखर जात नाही, कारण ती फाइलमध्येच आहे.

मीठभाकर:
आले. निर्वाणाचं एमटीव्हीवरचं अनप्लग्ड (१८ नोव्हेंबर १९९३, न्यूयॉर्क) कुणीच काढलं नाही? अर्धा सूर खाली आहे सगळं, रेकॉर्डबरोबर वाजवायचं तर ई फ्लॅट लावा. आणि ते पूर्ण अकूस्टिक नव्हतंच! गायक कर्ट कोबेनची मार्टिन डी-१८ई गिटार ॲम्प आणि पेडलमधून जात होती. 'द मॅन हू सोल्ड द वर्ल्ड'मध्ये गिटारचा आवाज फाटलेला येतो तो त्यामुळे. साध्या गिटारवर तो आवाज मिळेना म्हणून बोटं झिजवू नका. आणि लोरी गोल्डस्टनचा चेलो हेडफोनवर ऐका, प्लीज.

नवीन_कापो:
ओएसिसचं वंडरवॉल विचारलं तर चालेल का इथे 😅

खर्ज:
@नवीन_कापो चालेल की, १९९५ चंच आहे. कापो (सगळ्या तारा दाबणारा चिमटा) दुसऱ्या फ्रेटवर, फ्रेटच्या धातूच्या पट्टीच्या अगदी मागे, पट्टीवर नाही. फार आवळलात तर सूर चढेल. मग कापोपासून तिसऱ्या घरात दोन बारीक तारांवर अनामिका आणि करंगळी ठेवा, ती उचलायची नाहीत. ईएम७, जी, डीसस४, ए७सस४ हे कॉर्ड फक्त उरलेल्या दोन बोटांनी बदलतात. उजवा हात थांबला की गाणं पडतं, तार चुकली तरी हात चालू ठेवा.