मदत हवी आहे: जुन्या एस्टीमच्या इंजिनाला हलके पण दणकट कनेक्टिंग रॉड कुठले घ्यावेत?

मातीतली_एस्टीम (लातूर)

नमस्कार मंडळी. जुन्या मारुती एस्टीमचं १२९८ सीसीचं जी१३ इंजिन खोललंय, मातीवरच्या ऑटोक्रॉससाठी (वळणावळणाच्या ट्रॅकवर वेळ लावून पळवायची शर्यत) गाडी बनवायलोय. टर्बो-बिर्बो काही नाही, फक्त कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा शाफ्ट) बदलायचा, हेड पोर्ट करायचं (हवेच्या वाटा घासून मोकळ्या) आणि रेव्ह लिमिट, म्हणजे मिनिटाला जास्तीत जास्त फेऱ्या, ६५०० वरून ८००० ला न्यायचं असा इरादा आहे. बोअर ७४ मिमी, स्ट्रोक ७५.५ मिमी, क्रँक नशिबानं अजून स्टँडर्ड साइजमध्येच आहे.

गाडं अडलंय रॉडवर, म्हणजे पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या दांड्यावर. इकडं एक मिस्त्री म्हणायलेत ओरिजनल रॉडच घासून पॉलिश कर, फुकटात काम होतं. मित्र म्हणायलाय ४३४० स्टीलचे एच बीम (दांड्याचा छेद H सारखा) मागव. आन् नेटवर बसलं की टायटॅनियम, अ‍ॅल्युमिनियम, आय बीम (I सारखा छेद), ३००एम स्टील, वाचून वाचून डोकं बंद पडायलंय. मला तर जितके हलके मिळतील तितके पाहिजेत, पण एखादा तुटून ब्लॉकला भगदाड पडलं तर दुसरा चांगला ब्लॉक शोधायला सगळं भंगार पालथं घालावं लागंल. होंडा एनएसएक्समधी १९९० लाच टायटॅनियम रॉड आले म्हणे, आपल्याला काऊन नको? कुणी केलं असंल हे काम तर सांगा राव.

वाळूजचा_टूलरूमवाला

दादा, "जितके हलके तितके बरे" हे डोक्यातून काढ आधी. हलक्या रॉडनं बीएचपी वाढत नाही. इंजिन जरा चटकन फिरतं आणि बेअरिंगवरचा ताण उतरतो, फायदा एवढाच.

तुझ्या गाडीत रॉडला धोका दाबाचा नाही, ओढीचा आहे. पॉवर स्ट्रोकला वरून गॅसचा दाब असतो, तो रॉडला दाबतो, ते स्टील आरामात झेलतं. पण एक्झॉस्ट स्ट्रोक संपताना पिस्टन वर जाऊन उलटा फिरतो तेव्हा वर गॅसची गादी नसते, सगळा झटका रॉड आणि त्याच्या दोन बोल्टांवर. विहिरीतून भरलेला पोहरा वर घेताना हिसका दिला की दोर तुटतो, तसं. आणि ही ओढ आरपीएमच्या वर्गानं वाढते. पिस्टन, रिंगा, गजन पिन (पिस्टन रॉडला जोडणारी पिन) आणि रॉडचं वरचं टोक मिळून अर्धा किलो धर, रॉडची लांबी १२० मिमी धर (तरी स्वतः मोजून घे). ६५०० ला ओढ येते पावणेबाराशे किलोच्या आसपास, ८००० ला पावणेअठराशे. म्हणजे दीडपट, आणि ती दर दोन फेऱ्यांना एकदा.

म्हणून पैसे आधी बोल्टांवर घाल. एआरपी २००० (एआरपी कंपनीचे जास्त ताकदीच्या स्टीलचे बोल्ट) किंवा त्या तोडीचे. रॉडच्या दांड्यापेक्षा बोल्टच आधी दगा देतो.

टायटॅनियमचं म्हणशील तर वजन स्टीलच्या साधारण ५६ टक्के, खरंय, पण ताठपणाही जवळपास निम्माच, म्हणून सेक्शन जाड ठेवावा लागतो. शिवाय बिग एंडच्या (रॉडचं क्रँककडचं मोठं टोक) बाजू क्रँकवर घासून चिकटतात, तिथं कोटिंग लागतं, आणि अंगावर ओरखडा पडला की तिथूनच चीर सुरू होते. होंडाला परवडलं. अ‍ॅल्युमिनियम ड्रॅगवाल्यांसाठी (सरळ रेषेतली छोटी शर्यत) सोड, त्यांना ठरावीक पळतीनंतर रॉड बदलावेच लागतात.

तुझ्यासाठी फोर्ज्ड (तापवून ठोकून घडवलेलं) ४३४०, बस. बिनटर्बोला बारीक दांड्याचा एच बीमही चालतो आणि नीट बनवलेला आय बीमही, त्यावरून भांडणं करणारे करू देत. आपल्याकडं मिळणारं ईएन२४ त्याच्याच जवळचं स्टील आहे, पण बारमधून कापलेला रॉड कुणी "बिलेट" म्हणून गळ्यात मारत असेल तर हीट ट्रीटमेंटचा आणि क्रॅक टेस्टचा कागद माग.

परभणीचा_पाना

रॉडचं राहू द्या, ८००० ला व्हॉल्व्ह स्प्रिंग टिकणारेत का? स्टॉक (कंपनीच्या मूळ) स्प्रिंगवर व्हॉल्व्ह तरंगायला लागले, म्हणजे वेळेत बंद होईनात, की पिस्टन जाऊन त्यांना भेटतो, मग रॉड ४३४० चा असो की सोन्याचा. आणि कॅम जर ७००० लाच दम सोडत असंल तर ८००० कशापायी पाहिजे?

अजून एक, लिमिटर फक्त अ‍ॅक्सिलरेटरवरच्या रेव्ह थांबवतो. मातीवर घाईत तिसऱ्याच्या जागी पहिला पडला की चाकंच इंजिनाला ९००० ला नेतात, तिथं ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) काही करू शकत नाही. रॉड घेताना ते बी धरून घ्या.

मातीतली_एस्टीम (लातूर)

स्प्रिंगचं ध्यानातच आलं नव्हतं, लिस्टमधी टाकलं. आज ओळखीच्या सोनाराच्या काट्यावर चारही जुने रॉड ठेवले, तो हसत होता पण केलं बिचाऱ्यानं. हलका आन् जड यात ४ ग्रॅमचा फरक निघाला. हे चालतं का? आन् घासायचं का नाही ते कुणीच सांगंना.

नांदेडी_टर्नर

घासता येतं, पण मिस्त्री म्हणतात तसं नाही. बाजूला फोर्जिंगच्या साच्याची जी शिवण (जोडाची रेघ) उठलेली असते तेवढीच काढायची, घासणं रॉडच्या लांबीच्या दिशेनं, आडवं कधीच नाही, आडवी रेघ म्हणजे चिरेला आमंत्रण. बोल्टचं डोकं बसतं तिथं हात लावायचा नाही. आधी मॅग्नेटिक क्रॅक टेस्ट (चुंबकानं बारीक चिरा शोधणं), मागून शॉट पीनिंग (बारीक गोळ्यांचा मारा करून पृष्ठभाग दणकट करणं). नवे बोल्ट घातले की बिग एंड गोल राहत नाही, बोल्ट ठरलेल्या टॉर्कला आवळून होन (आतून बारीक घासून गोल) करून घ्यायचा. एवढं सगळं करेस्तोवर नव्या सेटच्या अर्ध्या पैशात जाता, आणि दांडा जुनाच.

४ ग्रॅम जास्त आहेत, १ ग्रॅमच्या आत आणा. नुसतं एकूण वजन नको, एक टोक आडवं टांगून दुसरं काट्यावर, असं दोन्ही टोकांचं वेगळं बघा.

वाळूजचा_टूलरूमवाला

बरोबर. नवीन सेट घेणार असशील तर ऑर्डरच्या आधी पिन बघ. स्टॉक पिन रॉडमध्ये प्रेस फिट (दाबून घट्ट बसवलेली) असेल तर त्या पिस्टनला सर्क्लिपच्या (पिन अडवणारी गोल क्लिप) खाचा नसतात, आणि बाजारातले बहुतेक रेसिंग रॉड ब्राँझ बुशवाले, फ्लोटिंग (मोकळी फिरणाऱ्या) पिनचे. म्हणजे पिस्टनही बदलणं आलं. मग हलका फोर्ज्ड पिस्टन आणि छोटी पिन घे, तिथं वाचलेला प्रत्येक ग्रॅम पूर्ण उपयोगाचा, रॉडच्या खालच्या टोकातला तेवढा नाही.

बोल्ट नुसत्या टॉर्क रेंचवर आवळू नको, बराचसा जोर आट्यांच्या घर्षणातच जातो आणि तेल कुठलं लावलं त्यावर आकडा बदलतो. बोल्टच्या कंपनीचंच ल्युब (वंगण) आणि स्ट्रेच गेज (आवळताना बोल्ट किती ताणला ते मोजणारं यंत्र) वापर. सुट्या बोल्टची लांबी आत्ताच लिहून ठेव, पुढं उघडशील तेव्हा एक थाऊ (इंचाचा हजारावा भाग) जरी कायमचा लांबलेला दिसला तर फेकून द्यायचा.

मातीतली_एस्टीम (लातूर)

पिन प्रेस फिटच आहे, आत्ता बघून आलो. म्हणजे पिस्टन बी आले. बजेट बोंबललं, पण लिमिट ७४०० वर ठेवतो आन् ४३४० चा सेट, पिस्टन, स्प्रिंग एकदमच मागवतो. वाळूजला स्ट्रेच गेज कुणी दोन दिवस देईल का भाड्यानं? घ्यायला येतो.