पार्ल्याच्या कपाटातल्या ६८ व्हीसीडी

प्रेषक: ताई (सध्या मुक्काम विलेपार्ले)
सोमवार, रात्री ११:१०

न्यू जर्सीच्या आपल्या मंडळातल्या मंडळी, नमस्कार.

आमची पार्ल्याची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली. महिनाअखेर किल्ल्या द्यायच्या आहेत, त्यामुळे गेले दहा दिवस मी आणि भाऊ माळे उपसतोय. आईच्या गोदरेजच्या कपाटात साड्यांच्या खाली व्हीसीडी निघाल्या. मोजल्या तर ६८. त्यातल्या चाळीसेक नाटकांच्या, विकत आणलेल्या. बाकीच्या घरच्या: माझं लग्न (कॅसेटवरून नंतर करून घेतलेलं), भाच्याची मुंज, आजीची पंचाहत्तरी.

भाऊ म्हणतो भंगारवाल्याला दे. माझा हात धजत नाही. जुना प्लेअर लावून बघितला: दिवा लागतो, डिस्क दोनदा गरगरते आणि मग 'नो डिस्क'. भावाच्या नव्या ब्लू-रे प्लेअरला डिस्क ओळखताच आली नाही. भाचा म्हणाला, आत्या, माझ्या गेमच्या मशीनमध्ये घाल की. घातली, तर त्याने ती तशीच बाहेर ढकलली. आणि भावाच्या ५५ इंची टीव्हीला लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांची भोकंच नाहीत.

माझ्याकडे बारा दिवस आहेत. प्लेअर दुरुस्त करून न्यू जर्सीला आणू, नुसत्या डिस्क आणू, की इथेच काही होईल?

ताई

———

प्रेषक: बंड्या
सोमवार, रात्री ११:३२

ताई, कशाला एवढा उपद्व्याप? नाटकं सगळी यूट्यूबवर पडलेली आहेत.

———

प्रेषक: ताई
सोमवार, रात्री ११:३५

> नाटकं सगळी यूट्यूबवर पडलेली आहेत.

आजीची पंचाहत्तरी नाही पडलेली.

———

प्रेषक: नाना (मुलुंड)
मंगळवार, सकाळी ६:५०

ताई,

भंगारवाल्याला थांबव. मी परत मुंबईत आल्यापासून हेच उद्योग करतोय, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. ज्यांना कंटाळा येईल त्यांनी चहा घ्यावा.

तुझ्या डिस्क बहुधा बऱ्या आहेत, त्या वाचणारी यंत्रं बदलली. व्हीसीडी हे १९९३ सालचं प्रकरण. फिलिप्स, सोनी, मात्सुशिता आणि जेव्हीसी यांनी मिळून नियम ठरवले: साध्या सीडीवर ७४ मिनिटं, एमपीईजी-१ पद्धतीने दाबून बसवलेलं चित्र, आपल्याकडच्या टीव्हीच्या पाल पद्धतीत ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं. म्हणून दोन अंकी नाटक दोन डिस्कवर आणि संगीत नाटक असलं तर तीनवर. एका टप्प्यावर मोझर बेअर कंपनीने व्हीसीडी २८ रुपयांना विकायला काढल्या होत्या, मग घरोघरी कपाटं भरली नाहीत तरच नवल.

ब्लू-रे प्लेअरचं म्हणशील तर सीडीला ७८० नॅनोमीटरचा लेझर लागतो, डीव्हीडीला ६५० चा, ब्लू-रेला ४०५ चा. भावाच्या प्लेअरवर गाण्याची सीडी वाजत असेल तर ७८० चा लेझर त्यात आहेच. पण व्हीसीडीची मांडणी समजणारं सॉफ्टवेअर बऱ्याच कंपन्या आता घालत नाहीत, आणि घालायची सक्तीही नाही. माहितीपत्रकात 'व्हीसीडी' शब्द दिसला तरच आशा धरायची. गेमच्या काही मशीन तर सीडी वाचतच नाहीत, फक्त डीव्हीडी आणि ब्लू-रे.

प्लेअर न्यू जर्सीला अजिबात नेऊ नकोस. व्हीसीडीला डीव्हीडीसारखी रीजनची, म्हणजे एका भागातली डिस्क दुसऱ्या भागात न चालण्याची भानगड नाही (तिथे भारत ५ आणि अमेरिका १), पण चित्र पाल आहे, सेकंदाला २५ फ्रेम. पिवळ्या वायरीतून ते तिकडच्या एनटीएससी पद्धतीच्या टीव्हीला दिलंस तर चित्र वरखाली पळेल, नाहीतर काळंपांढरं दिसेल. शिवाय तिकडे १२० व्होल्ट. कॉम्प्युटरला यातल्या कशाशीच देणंघेणं नसतं. म्हणून एक यूएसबीवर चालणारा बाहेरचा डीव्हीडी रायटर घे. लॅपटॉपला लाव, डिस्क घाल, 'एमपीईजीएव्ही' नावाचं फोल्डर उघड. आत 'डॅट' शेपटीची फाइल दिसेल, तोच सिनेमा. व्हीएलसी या व्हिडिओच्या सॉफ्टवेअरमध्ये ओढून टाकली की चालते.

आता मुद्द्याचं. ती फाइल साधी कॉपी-पेस्ट करशील तर चरा असलेल्या जागी कॉपी तुटेल आणि तुला वाटेल डिस्क गेली. गेलेली नसते. साध्या डेटा सीडीत दर सेक्टरला (म्हणजे डिस्कवरच्या एका कप्प्याला) २०४८ बाइट माहिती असते आणि वर चुका सुधारण्यासाठी राखीव जागा. व्हीसीडीने ती राखीव जागाही चित्रालाच देऊन टाकली आणि सेक्टरमध्ये २३२४ बाइट बसवले. चित्रात चार चौकोन फुटले तरी माणूस बघत राहतो, असा हिशोब. प्लेअर म्हणूनच चऱ्यावरून गचका खात पुढे जातो, पण विंडोज हटून बसतं. तेव्हा असं सॉफ्टवेअर वापर की जे न वाचलेला भाग सोडून पुढे सरकेल. मी आयसोबस्टर वापरतो. अख्ख्या डिस्कची प्रत काढायची असेल तर 'बिन' आणि 'क्यू' अशा दोन फाइलींच्या जोडीत काढ. नेहमीच्या 'आयएसओ' फाइलीत व्हीसीडी नीट बसत नाही, मी सुरुवातीला त्यात एक अख्खा रविवार घालवला आहे. एका डिस्कची पाऊण जीबी धर.

क्रम महत्त्वाचा: आधी घरच्या, मग नाटकं. विकतच्या डिस्क कारखान्यात छापलेल्या असतात, बऱ्यापैकी टिकतात. घरच्या सीडी-आर म्हणजे रंगाच्या थरावर लेझरने जाळलेल्या, तो रंग वर्षागणिक उतरतो. त्यात मुंबईची हवा.

आणि एक. डिस्कवर कागदी लेबल चिकटवलेलं असेल तर सोलू नकोस, कितीही कुरूप दिसो. सीडीचा चकाकता थर वरच्या बाजूला, लेबलच्या लगेच खाली असतो. लेबलबरोबर तोही निघून येईल.

नाना

———

प्रेषक: सचिव
मंगळवार, सकाळी ९:०५

नानांचे आभार. दोन सूचना. विकतच्या नाटकांच्या प्रती कृपया मंडळाच्या ड्राइव्हवर टाकू नयेत, आणि हॉलमध्ये दाखवायच्या असतील तर निर्मात्याची परवानगी घ्यावी लागेल. दुसरं, गणपतीच्या मोदकांची संख्या ज्यांनी कळवलेली नाही त्यांनी ती या धाग्यावर कळवू नये, वेगळी मेल करावी.

———

प्रेषक: बंड्या
मंगळवार, दुपारी १:२०

नाना, विषय निघालाच आहे तर: बाबांकडे थाळीएवढ्या तीन डिस्क आहेत, चोरबाजारातून हौसेने आणलेल्या. त्या कुठे घालायच्या?

———

प्रेषक: नाना (मुलुंड)
मंगळवार, रात्री १०:१५

भिंतीवर लावायच्या.

चेष्टा सोड. ३० सेंटिमीटरच्या असतील तर लेझरडिस्क. त्यातलं चित्र अॅनालॉग असतं, त्यामुळे कॉम्प्युटरचा कुठलाच ड्राइव्ह ती घेणार नाही. चालू प्लेअरच हवा, आणि पायोनियरने प्लेअर करणं २००९ मध्ये थांबवलं.

———

प्रेषक: ताई
शुक्रवार, रात्री १२:२०

नाना, अहवाल देते.

काल स्लो लोकल पकडून ग्रँट रोडला उतरले आणि लॅमिंग्टन रोड गाठला. जुना प्लेअर पिशवीत होताच. पहिल्या दुकानातल्या मुलाने तो उघडलाही नाही, नुसतं 'मॅडम, लेन्स गेली' म्हणाला. दुसऱ्या दुकानात एक वयस्कर गृहस्थ होते. त्यांनी झाकण काढून कापसाच्या बोळ्याने आतली वाटाण्याएवढी लेन्स पुसली. बोळा काळा निघाला! मग त्यांनी त्यांच्या टेबलावरच्या जुन्या टीव्हीला जोडून लावला आणि दहा सेकंद मुंजीची सनई वाजली. मग पुन्हा 'नो डिस्क'. पुसल्याचे पैसे घेतले नाहीत.

रायटर घेतला. शिवाय दुकानदाराने आग्रहाने एक छोटी डबी दिली, पिवळ्या पिनांचं एचडीएमआय करणारी. घरी येऊन लावली तर काही होईना. नीट वाचलं तेव्हा कळलं, ती उलटी आहे, एचडीएमआयचं पिवळ्या पिनांत करणारी. दोन्ही डब्या दिसायला सारख्या, फरक फक्त वरच्या अक्षरांच्या क्रमात. परत जायचा उत्साह नव्हता. भावाने टीव्हीच्या मागे टॉर्च मारली तेव्हा हेडफोनसारखं एक भोक सापडलं, त्यावर बारीक अक्षरांत 'एव्ही' लिहिलेलं. त्याची शेपटीवाली वायर टीव्हीच्या खोक्यात पहिल्या दिवसापासून पिशवीबंद पडून होती. आता प्लेअरच चालत नाही म्हणून तीही निरुपयोगी, पण सांगून ठेवते.

लॅपटॉपवर मात्र सुरळीत. लग्न उतरलं, मुंज उतरली. पेनड्राइव्हवरून टीव्हीवर लावलं तर फाइल दिसेना. 'डॅट'चं नाव बदलून 'एमपीजी' केल्यावर दिसली. सगळे बुटके आणि रुंद दिसत होते. माझे सासरे एवढे जाड कधीच नव्हते. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ४:३ केल्यावर माणसात आले. चित्र धूसरच आहे. भाच्याने गणित मांडलं की आजच्या टीव्हीवर त्यातल्या एका ठिपक्याच्या वाट्याला ऐंशीवर ठिपके येतात. मी म्हटलं, अरे पण वर्तमानपत्राच्या कागदात लाडू बांधून देणारी ही माझी मावशी आहे ना, मग बस्स.

अडलंय ते आजीच्या डिस्कवर. निळसर झाक असलेली आहे, प्लास्टिकच्या पाकिटाला चिकटली होती आणि कडेला पांढरी बुरशी. ४१ व्या मिनिटाला आजी माइक हातात घेते, 'मला काही बोलता येत नाही, पण' एवढं म्हणते आणि पडदाभर हिरवे चौकोन. सॉफ्टवेअर तिथे तासभर टकटक करत बसलं.

ताई

———

प्रेषक: नाना (मुलुंड)
शनिवार, सकाळी ६:३०

घाबरू नकोस. कोमट पाणी, भांड्याच्या साबणाचा एक थेंब, बोटाने हलक्या हाताने धू. पुसताना मऊ सुती कापड, मध्यापासून कडेकडे सरळ. गोल फिरवून पुसलंस तर चरा डेटाच्या रेषेला समांतर जातो आणि एकदम लांबलचक तुकडा हातचा जातो. नाही झालं तर डिस्क घेऊन रविवारी मुलुंडला ये. माझ्याकडे जुन्या डेस्कटॉपमधून काढलेले चार ड्राइव्ह आहेत. एकाला जे वाचता येत नाही ते दुसरा वाचतो, का ते विचारू नकोस, प्रत्येकाच्या लेझरचा स्वभाव निराळा. वेग कमीत कमी ठेवू.

पातळ पोहे खातेस ना?

———

प्रेषक: ताई
रविवार, रात्री ९:४५

धुतल्यावर निम्मं झालं होतं. नानांच्या तिसऱ्या ड्राइव्हने बाकीचं वाचलं. मधले सहा-सात सेकंद कायमचे गेले. आजी 'पण' म्हणते, हिरवे चौकोन येतात, आणि चौकोन विरतात तेव्हा सगळे हसत असतात. कशाला हसले ते मी भावाला विचारलं, आत्याला फोन केला. कोणालाच आठवत नाही.

६८ पैकी ६१ उतरल्या. चार मुळातच कोऱ्या निघाल्या, दोन तडकलेल्या. एका नाटकाची दुसरी डिस्कच खोक्यात नाही. खोक्यात तिच्या जागी किशोरीताईंच्या गाण्याची सीडी आहे. मूळ डिस्क नानांकडे ठेवल्यात, फाइली दोन हार्ड डिस्कवर; एक भावाकडे, एक माझ्या हातातल्या सामानात. शुक्रवारी निघते.

त्या नाटकाची दुसरी डिस्क कुणाकडे असू शकेल का? नाव वेगळ्या मेलमध्ये कळवते, सचिवांना त्रास नको.

———

प्रेषक: वहिनी (एडिसन, न्यू जर्सी)
रविवार, दुपारी १:०५ (न्यू जर्सीची वेळ)

आमच्याकडे त्या नाटकाच्या निर्मात्यांच्या सगळ्या नाटकांचे सेट होते. असलीच तर कांदिवलीच्या घरी, माळ्यावर, पंख्याच्या खोक्यात. किल्ली माझ्या भावाकडे असते, त्याला आत्ताच मेसेज टाकलाय. बुधवारच्या आत तुला जमेल का जायला? शिडी मात्र खालच्या मजल्यावरून मागावी लागेल.