स्पॅनिश: -आर क्रियापदांची रूपं तोंडात कशी बसवायची?

घोकून_थकले:
स्पॅनिशचा पहिलाच महिना. आब्लार (बोलणे), कोम्प्रार (विकत घेणे) अशी -आर शेवटी असलेली क्रियापदं वर्तमानकाळात चालवायची आहेत. वहीत सहाही रूपं जमतात, तोंड उघडलं की गायब! तक्ता घोकू की दुसरा मार्ग आहे? ॲप नको, दोन सोडून झाली.

पाठांतरवाला:
घोकाच. -आर काढा, उरलं 'आब्ल'. त्याला मी, तू, तो/ती, आम्ही, तुम्ही, ते या क्रमाने ओ, आस, आ, आमोस, आइस, आन. शाळेत संस्कृत होतं ना? वदसि, वदामः, वदन्ति यांच्याशेजारी आब्लास, आब्लामोस, आब्लान म्हणून बघा. स, म, न जागच्या जागी! योगायोग नाही, स्पॅनिशची आई लॅटिन, आणि लॅटिन-संस्कृत चुलत बहिणी. लॅटिन अमेरिकेपुरतं शिकत असाल तर 'आइस' सोडा, तिकडे 'तुम्ही सगळे'लाही 'आन'च.

उशिराचा_विद्यार्थी:
तक्ता पाठ असूनही मी वर्षभर चुकत होतो, आणि दोष मराठीचा. आपण 'सर सांगतात' म्हणतो, म्हणून मी एकट्या सरांना 'एल प्रोफेसोर आब्लान' करायचो. तिथे आदरार्थी बहुवचन नाही. 'एल प्रोफेसोर आब्ला'. समोरच्याला उस्तेद (म्हणजे आपलं 'आपण') म्हटलं तरी क्रियापद 'तो'चंच, आब्ला. कानाला उद्धट वाटतं, पण बरोबर तेच.
तक्ता वरून खाली म्हणू नका, सवालजवाब करा. आब्लास? आब्लो. कोम्प्रास? कोम्प्रो. सर्वनाम गाळा, आपणही 'येतोस का?' 'येतो' एवढंच म्हणतो की.

घोकून_थकले:
अय्या, सरांची चूक मी कालच केली! आणि बोलतो-बोलते असा फरक?

उशिराचा_विद्यार्थी:
नाही. बाई असो की बुवा, आब्लो.

पाठांतरवाला:
आघात मात्र सांभाळा. 'आब्लो'त जोर 'आ'वर. 'लो'वर दिलात तर अर्थ 'तो बोलला'. एस्तार (असणे) आणि दार (देणे) सरळ चालत नाहीत ('मी'ची रूपं एस्तोय, दोय), पेन्सारचं (विचार करणे) प्येन्सो होतं. ती तूर्त बाजूला ठेवा. अडलं तर स्पेनच्या रॉयल अकादमीचा ऑनलाइन शब्दकोश बघा. फुकट आहे, क्रियापदाचा अख्खा तक्ता देतो.

घोकून_थकले:
बघा बरं: 'एस्तुदियो एस्पान्योल. मि माद्रे कांता. मि पाद्रे त्राबाखान एन पुणे.' (मी स्पॅनिश शिकते. आई गाते. बाबा पुण्यात काम करतात.)

उशिराचा_विद्यार्थी:
आई बरोबर गातेय. बाबा एकच आहेत ना? मग त्राबाखा.