मदत हवी आहे: दरवर्षी लेकीकडे कॅनडात राहायचंय, सुपर व्हिसा घ्यावा की साधा व्हिजिटर?

नमस्कार मंडळी. मी औसा तालुक्यातला. जिल्हा परिषदेच्या शाळेतून २०२३ ला निवृत्त झालो. सहा एकर जमीन आहे, खरिपाला सोयाबीन-तूर, रब्बीला हरभरा. एकुलती एक लेक कॅल्गरीला असते. ती आणि जावई दोघंही तिथले पीआर (कायमचे रहिवासी) आहेत, नोकरी दोघांनाही. फेब्रुवारीत तिचं बाळंतपण आहे.

आमची ही म्हणते, "मी जानेवारीतच जाते आणि लेकरू बसायला लागल्याशिवाय येत नाही." म्हणजे आठ-दहा महिने धरून चाला. माझं तसं नाही. हरभरा निघाला की मार्चमध्ये जावं आणि ऑगस्टअखेर परत यावं, एवढंच माझं म्हणणं. पेरणी भावकीतल्या एकाला बटईने देईन, पण सोयाबीनच्या काढणीला मी बांधावर नसलो तर रास किती झाली हे मला फोनवरच ऐकावं लागेल. शिवाय नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा असतो. पुढेही दरवर्षी असंच जाऊन येऊन राहायचा विचार आहे. कायमचं तिकडे जायचं नाही.

लातुरातल्या एका एजंटाकडे गेलो होतो. तो म्हणतो, डोळे झाकून दोघांचा सुपर व्हिसा (तिथे राहणाऱ्या लेकरांच्या आईवडिलांसाठीचा लांब मुक्कामाचा व्हिसा) करा, पाच वर्षं बघायला नको. जावई म्हणतो, मामा, तुमच्यासाठी साधा व्हिजिटर पुरेल. दोघांचं ऐकून माझं डोकं भंजाळलंय. माझ्या अडचणी अशा:

एक तर विमा. सुपर व्हिसाला वर्षाचा विमा लागतो म्हणे. हिला बीपी आणि शुगर दोन्ही. दिवाळीनंतर डॉक्टरांनी शुगरची गोळी बदलली.

दुसरं, कागदपत्रं. लेकीचा जन्म हिच्या माहेरी उदगीरला झाला. तिथल्या जन्मदाखल्यात आईचं नाव माहेरचं लागलंय, पासपोर्टवर सासरचं. आमचं लग्न १९८८ चं, मांडवात झालं, नोंदबिंद कुणी केली होती तेव्हा!

तिसरं जरा नाजूक आहे. २०१९ मध्ये पुतण्याकडे जायला आम्ही अमेरिकेच्या व्हिसाला बसलो होतो. दोन मिनिटांत नाही म्हणाले. एजंट म्हणतो, ते फॉर्मात लिहायची काही गरज नाही, उगाच शंका येते. मला हे पटत नाही, पण तो रोज हेच काम करतो, मी नाही.

कुणाला अनुभव असेल तर सांगा.

उत्तर: परळीवाला, सध्या कॅल्गरी

गुरुजी, आधी तिसऱ्याचं बोलू. तो एजंट सोडा. आजच. फॉर्मात सरळ प्रश्न असतो, कुठल्याही देशाने व्हिसा नाकारलाय का म्हणून. तिथे "नाही" लिहिलं आणि सापडलं, तर चुकीची माहिती दिली म्हणून पाच वर्षांची बंदी लागते. आणि अमेरिका-कॅनडा एकमेकांना ही माहिती देतात. "२०१९ ला नाकारला" एवढं लिहा, खाली एका ओळीत कारण. नुसत्या नकारामुळे कॅनडाचा व्हिसा अडतोच असं नाही. माझ्या सासऱ्यांचा अमेरिकेने दोनदा नाकारला होता, इथला मिळाला.

आता व्हिसा. दोन्हीची फी सारखीच आहे, माणशी १०० कॅनेडियन डॉलर आणि बोटांच्या ठशांचे ८५. दोन्ही दहा वर्षांपर्यंतचे, कितीदाही ये-जा करता येईल असे मिळू शकतात, पासपोर्टची मुदत तेवढी असेल तर. फरक एका खेपेला किती राहता येतं याचा. साध्यावर साधारण सहा महिने, आणि तेही विमानतळावरचा अधिकारी ठरवतो. सुपरवर जुलै २०२२ पासून एका खेपेला पाच वर्षांपर्यंत.

त्याच्या बदल्यात सुपरला तीन गोष्टी जास्तीच्या. लेकी-जावयाचं उत्पन्न ठरलेल्या रकमेच्या वर हवं, आणि कुटुंबाची माणसं मोजताना ज्यांना बोलावलंय तीही त्यात धरतात. मेडिकल करावं लागतं, तेही त्यांच्या यादीतल्या डॉक्टरकडेच. आणि विमा, किमान एक लाख डॉलरचा, कॅनडात उतरल्यापासून एक वर्षाचा. नुसतं कोटेशन चालत नाही, पैसे भरलेली पॉलिसी लागते. इथून जाऊन पुन्हा आलात की त्या वेळीही चालू विमा दाखवावा लागतो.

म्हणून माझं मत: बाईंचा सुपर करा, तुमचा साधा. अर्ज ज्याचा त्याचा वेगळा असतो, दोघांनी एकच घ्यावा असा कायदा नाही. तुम्ही पाच-सहा महिन्यांसाठी येणार, तर दर वर्षी वर्षभराचा हप्ता कशाला भरता? (विम्याशिवाय मात्र येऊ नका. साध्यावर सक्ती नाही, पण इथलं दवाखान्याचं बिल बघितलं तर सहा एकर कमी पडतील.) आणि बाईंनी आता साधा घेऊन इथे आल्यावर सुपर करू म्हटलं तर जमत नाही. सुपरचा अर्ज कॅनडाच्या बाहेरूनच करावा लागतो.

उत्तर: गोदाकाठ

विम्याबद्दल. जुनं दुखणं असलं तरी विमा मिळतो, पण पॉलिसीत "स्थिर" हा शब्द शोधा. ठरावीक दिवस, कुठे ९०, कुठे १८०, त्या आजाराचं औषध किंवा डोस बदललेला नसावा अशी अट असते. गोळी कमी केली तरी तो बदलच धरतात. वहिनींची शुगरची गोळी दिवाळीनंतर बदलली म्हणता, तर १८० दिवसांच्या अटीत जानेवारीतला प्रवास बसत नाही. ९० च्या बाबतीतही बदलाची तारीख मोजून बघा. बीपीचं वेगळं, ते स्थिर असेल तर त्याला अडचण नाही. आणि डॉक्टरांना सांगून ठेवा, गरज नसताना जाईपर्यंत औषधं हलवू नका.

भारतातल्या कंपनीची नेहमीची प्रवास पॉलिसी सुपरला चालेल असं गृहीत धरू नका. परदेशी कंपनी असेल तर कॅनडाच्या वित्तीय नियामकाची मान्यता असलेलीच लागते. लेकीला तिथूनच काढायला सांगा. बहुतेक पॉलिसींत क्लेम नसेल आणि माणूस लवकर परतला तर उरलेल्या महिन्यांचे पैसे मिळतात, ते लेखी बघून घ्या.

उत्तर: उदगीरकर

आईचं नाव माहेरचं, ही तर आपल्याकडे घरोघरची गोष्ट. आमच्या वेळी आम्ही ३० वर्षांनी लग्नाची नोंद केली. तुम्ही खेड्यात राहत असाल तर ग्रामपंचायतीतच होते. तीन साक्षीदार लागतात, उशिराचं शुल्क असतं. त्या प्रमाणपत्रावर दोन्ही नावं नीट लावून घ्या, "ऊर्फ"च्या भानगडीत पडू नका. लेकीच्या पासपोर्टवर आईवडिलांची नावं असतील तर तीही प्रत जोडा. सातबारा, आठ-अ जोडणार असाल तर इंग्रजी भाषांतर करून. नुसता मराठी सातबारा तिकडच्या अधिकाऱ्याला काय कळणार, आपल्यालाच कळत नाही.

ठसे द्यायला हैदराबाद बरं. लातूरकरांना मुंबईपेक्षा जवळ.

मूळ धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. एजंटाला नमस्कार केला. त्याने आगाऊ घेतलेले पैसे परत दिले नाहीत, ते अक्कलखाती.

हिचा सुपर, माझा साधा असंच ठरतंय. लेकीने तिकडे कर विवरणाचे कागद काढायला घेतलेत. गोळीचं आज डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, साखर आटोक्यात आहे, आता बदलायचं कारण नाही. पण तारखा मोजल्या तर जानेवारी घट्टच बसतो. ही म्हणते, मग मला शुगर सोडून बाकीचा विमा द्या म्हणावं! जावई ९० दिवसांची पॉलिसी शोधायलाय.

ठशांची मला वेगळीच धास्ती आहे. गेल्या साली दाखल्याच्या वेळी बँकेतल्या मशीनवर माझा अंगठा लागता लागेना. ओला करून बघितला, कापडाने पुसून बघितला, शेवटी मोबाइलवर चेहरा दाखवून काम झालं. हिचे हात तर माझ्याहून जास्त झिजलेत, आयुष्यभर कापूस वेचलेला, भाकरी थापलेली. हैदराबादला तिचे ठसे उमटले नाहीत तर काय करतात, कुणाला माहीत आहे का?

आणि लग्नाचा एकही फोटो घरात सापडेना. पत्रिका मात्र मेव्हण्याच्या ट्रंकेत निघाली, हळदीच्या डागासकट. तीन साक्षीदारांपैकी दोन मिळाले. तिसऱ्यासाठी उद्या उदगीरला जातोय.